देवापाशी गप्प बसण्याचे सोपे धडे (रत्नागिरी व परिसरासाठी)

सदर मार्गदर्शिका ख्रिस्ती ध्यान-प्रार्थना शिकू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी आहे. ख्रिस्ती नसाल तरी चालेल. जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळी मुळात मोजकी, त्यातली गप्प बसू शकणारी आणखी मोजकी. तेवढ्यांसाठीच लिहायचं तर लिहिणाऱ्याला परवडत नाही.

साहित्य : पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची, एक शब्द, वीस मिनिटं आणि घरातल्यांची संमती. पहिल्या तीन वस्तू सहज मिळतात. बासरीचं संगीत, सुगंधी तेल, दरमहा पैसे घेणारं अ‍ॅप यातलं काही लागत नाही. मेणबत्ती मात्र असू द्या. ती ध्यानासाठी नाही, लाईट गेल्यावर लागते.

धडा पहिला : जागा

चौथ्या शतकात इजिप्तमधले ख्रिस्ती साधू एकांतासाठी वाळवंटात गेले. रत्नागिरीत वाळवंट नाही, वाळू आहे. म्हणून नवशिका पहिल्यांदा भाट्याला जातो. संध्याकाळी साडेपाचची वेळ, सुरूच्या बनाची कड, समोर समुद्र. डोळे मिटून दोन मिनिटं होतात न होतात तोच मागून आवाज येतो.

‘काय हो, एकटेच?’

‘हो, सहज.’

‘वहिनी नाही आल्या?’

‘नाही.’

‘घरी सगळं बरं आहे ना?’

ध्यान इथे संपलं. आपल्याकडे माणूस एकटा, गप्प, समुद्राकडे तोंड करून बसलेला दिसला की बघणारा भांडण, कर्ज किंवा कोर्टाची तारीख यांपैकी एक कारण धरून चालतो. मग तो माणुसकीने शेजारी बसतो आणि तुमचं दुःख हलकं व्हावं म्हणून स्वतःच्या जमिनीच्या वाटणीची हकिकत सांगतो. ती ऐकून घ्यावी. ती तोडून डोळे मिटणं हे कुठल्याच धर्मात बसत नाही.

मांडवीला भेळेच्या गाड्या आहेत. रत्नदुर्गावर वारा चांगला, पण प्रत्येक बुरुजावर कुणीतरी फोटो काढत असतं आणि ‘दादा, जरा बाजूला’ म्हणतं. आंब्याच्या बागेत हंगामात राखणदार हटकतो, एरवी लाल मुंग्या. चर्चमध्ये बसावं हे सरळ उत्तर आहे, पण चर्चमध्ये रिकामा बसलेला माणूस दिसला की त्याला खुर्च्या लावायला सांगतात. त्याही लावाव्यात.

तेव्हा घरच. माजघरातला कोपरा, टीव्हीकडे पाठ.

धडा दुसरा : शब्द

पाठ सरळ, डोळे मिटलेले. मनात एकच छोटा शब्द धरा : येशू, प्रभू, बापा, जो तुम्हाला जवळचा वाटेल तो. मन भरकटलं की चिडू नका, शब्दाकडे परत या. ते पुन्हा जाईल, पुन्हा या. पद्धत इथे संपली. एवढ्यासाठी परदेशात शिबिरं भरतात.

१९७०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर मठाच्या ट्रॅपिस्ट साधूंनी ही रीत सामान्य माणसासाठी बसवून दिली : दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. त्यांनी ती घेतली चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी पुस्तकावरून, ज्याच्या लेखकाचं नाव आजवर कुणाला कळलेलं नाही. जॉन मेन हे बेनेडिक्टाइन साधू जवळपास हेच शिकवत. त्यांना ते १९५०च्या दशकात मलायात एका हिंदू स्वामींकडून मिळालं होतं, आणि पुढे पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनच्या लिखाणात तेच सापडलं. म्हणजे शेजारच्या आजी ओटीवर माळ ओढत जे करायच्या ते क्वालालंपूर, लंडन, मॉन्ट्रियल फिरून आता मोबाइलवरून आपल्याकडे परत आलं आहे, इंग्रजीत.

‘जप आपल्यात नसतो,’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक मंडळीत असतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्यापुढे फक्त टिळकांचं नाव घ्यावं. (टिळक म्हटलं की रत्नागिरीकर टिळक आळीकडे बोट दाखवतो. ते लोकमान्य, वेगळे.) हे रेव्हरंड नारायण वामन टिळक, रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावात १८६१ साली जन्मलेले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण अभंग त्यांनी सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत, आणि ‘अभंगांजली’त त्यांनी येशूशी बोलणं केलं ते वारकऱ्यांच्याच चालीत. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली टिळकांची पदं काका दर रविवारी डोळे मिटून, मान डोलवत, धृपद चार-चार वेळा घोळवत म्हणतात. ते काय चाललंय हे त्यांना सांगायची गरज नाही. म्हणू द्यावं.

धडा तिसरा : वाचणे, म्हणजे थांबणे

बायबल वर्षात संपवायचं कोष्टक पुष्कळांच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं : रोज तीन-सव्वातीन अध्याय. जानेवारीत उत्पत्ती झपाट्याने होतं, फेब्रुवारीत लेवीय लागतं, आणि ते कोष्टक पुढच्या जानेवारीपर्यंत तसंच राहतं. ध्यानासाठी वाचायची रीत उलटी आहे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन साधूने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचा, घोळवा, मागा, आणि मग काही न मागता नुसते असा. कुठली तरी ओळ पदर धरते. तिथे पुस्तक मिटायचं.

याचं उत्तम उदाहरण पुन्हा टिळकच. नोकरीसाठी ते आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना गृहस्थांनी बायबल हातात ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी नेमाने वाचायला घेतलं, मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. ते तीन अध्याय आहेत. कोष्टकाप्रमाणे एका दिवसाचं काम. टिळकांना आयुष्यभर पुरलं.

कुठलं भाषांतर घ्यावं? जे कळतं ते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मराठी कानाला गोड लागतं. धाडस असेल तर फादर स्टीफन्सचं १६१६ सालचं ‘ख्रिस्तपुराण’ काढा. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट गोव्यात येऊन आपली भाषा शिकला आणि जवळपास अकरा हजार ओव्या लिहून गेला. ते मनात वाचायचं पुस्तक नाही. मोठ्याने वाचा, शेजारी पोथी लावलीत समजून चप्पल काढून आत येतील. येऊ द्या.

गाडीत वाचणाऱ्यांना एक सोय आहे. कोकण रेल्वेने मुंबईहून येताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. फोनची रेंज जाते, खिडकीत काही दिसत नाही, समोरच्याचं बोलणंही थांबतं. जिल्ह्यातली सर्वांत खात्रीची ध्यानाची जागा हीच. फक्त चणेवाला मध्येच येऊ शकतो.

धडा चौथा : दुपार

दुपारी बसू नये.

कारण हवं असेल तर इव्हाग्रियसला विचारा. हा चौथ्या शतकातला वाळवंटी साधू माध्यान्हीच्या एका भुताचं वर्णन करतो. सकाळी दहाच्या सुमारास ते येतं आणि दोनपर्यंत राहतं. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. साधू खिडकीशी जाऊन जेवायची वेळ झाली का बघतो, कुणी गप्पा मारायला येतंय का बघतो, मग त्याला ही जागाच वाईट वाटू लागते, नातेवाईक आठवतात. इव्हाग्रियस रत्नागिरीत कधी आला नव्हता, पण एप्रिलमधली दुपार त्याने बरोबर लिहिली आहे. आपल्या दुकानदारांनी यावर दार ओढून घ्यायचा उपाय केव्हाच काढला आहे. तुम्हीही पंखा लावून पडा.

घड्याळाकडे लक्ष जातं म्हणून कुणी खट्टू होऊ नये. आविलाची संत तेरेसा प्रार्थनेवरची थोर अधिकारी. तिनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासाला तिचं चित्त तास कधी संपतो यातच होतं.

उपवासाबद्दल टीप

कॅथलिक रीतीने उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. नियम करणाऱ्यांनी मिरकरवाडा बंदर पाहिलेलं नसावं. सुरमईचं तिखलं आणि वर सोलकढी घेऊन आपण काही सोडलं असं ज्याला वाटतं त्याने वाटून घ्यावं. शिवाय हा काळ नेमका हापूस उतरू लागण्याच्या दिवसांत येतो. खरोखर काही सोडायचंच असेल तर रत्नागिरीकराने पहिल्या पेटीचा भाव सांगणं सोडून पाहावं.

धडा पाचवा : घरातली माणसं

साहित्यात ‘घरातल्यांची संमती’ लिहिली आहे ती हसण्यावारी नेऊ नका. भक्ती करणाऱ्याचं चरित्र पुष्कळ असतं. भक्ती करणाऱ्याबरोबर संसार केलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक क्वचित मिळतं. मराठीत ते आहे. १९३४ पासून भागाभागांनी आलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे माझ्या मते ख्रिस्ती साधनेवरचं आपल्या भाषेतलं सर्वांत प्रामाणिक पाठ्यपुस्तक आहे, आणि साधना शिकवायला ते लिहिलेलंच नाही.

१८८० मध्ये अकरा-बारा वर्षांच्या या मुलीचं लग्न टिळकांशी झालं. मनात आलं की टिळक घर सोडून निघत. पैसा हातात ठरत नसे. रस्त्यावरचं दुःख दिसलं की ते घरी घेऊन येत, आणि रांधायला घरी दुसरं माणूस असे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, बाईंना न सांगता. पुढची चार-पाच वर्षं ताटातुटीत गेली. मग त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने त्या वाटेवर आल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या भक्तीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण त्या भक्तीचा खर्च कुणाच्या नावावर पडत होता ते या पुस्तकात पानोपानी दिसतं, आणि लिहिणारी हसत हसत सांगते म्हणून तो अधिकच दिसतो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे मुभा. कल्पना काळाच्या फार पुढची होती. १९१९च्या मेमध्ये टिळक गेले आणि दरबारही उठला. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केलं ते लग्नानंतर घरीच लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी.

तेव्हा स्वतःची परीक्षा अशी घ्या. इग्नेशियस लोयोलाने दुपारी आणि रात्री दिवसाची उजळणी करायला सांगितली आहे : कुठे कृपा झाली, कुठे चुकलो. रीत चांगली आहे, पण त्यात परीक्षार्थी आणि परीक्षक एकच असल्याने मार्क बरे पडतात. रत्नागिरी आवृत्तीत थोडा बदल केला आहे. बायकोला विचारा, ‘मी ध्यानाला बसायला लागल्यापासून घरात काय फरक पडला?’

‘दार लावून घेता तेवढाच. सिलिंडरवाला आला तेव्हा मीच खाली गेले.’

हे उत्तर आलं की पुढचा आठवडा खुर्ची बाजूला ठेवा आणि विळी घ्या. नारळाची अर्धी वाटी दोन्ही तळव्यांत धरून खवणीच्या दात्यांवर फिरवायची. कडेपासून सुरुवात करायची, एकाच जागी दाब द्यायचा नाही, वाटी सतत थोडी थोडी वळवत राहायची. पांढरा कीस पडत असतो तोवर मन कुठेही असलं तरी चालतं. तळाशी आलात की चालत नाही. एक फिरकी जास्त झाली तर करवंटीलगतची काळी साल खोबऱ्यात उतरते आणि रस काळपट होतो. हात सुटला तर बोट दात्यांवर येतं. तिथे हात हलका करून लक्ष फक्त वाटीत ठेवावं लागतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स हा स्वयंपाकी देवाच्या सान्निध्याचं हेच शास्त्र भांड्यांत राहून शिकला. स्वयंपाकाची त्याला मुळीच आवड नव्हती, तरी त्याने तो वर्षानुवर्षं केला. आपल्याकडे हा अभ्यासक्रम घराघरांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या पुरा करत आल्या आहेत. प्रमाणपत्र कुणी दिलेलं नाही.

पुढे शिकायचं असल्यास

मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांची ‘साधना’ संस्था पुण्यात सुरू होऊन पुढे लोणावळ्यात आली. त्याच नावाच्या त्यांच्या १९७८च्या पुस्तकात श्वास, अंगाच्या संवेदना, कल्पना यांतून प्रार्थनेकडे नेणारे साधे पाठ आहेत. १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबाबत सावधगिरीची सूचना काढली. तेव्हा डिमेलोंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पुस्तक अजून खपतं. घ्या, आणि काकांना दाखवू नका.

कधी सुरू करावं? मे महिन्यात मुळीच नको. घरात मुंबईची माणसं असतात, माजघरभर आंब्याची अढी लागलेली असते, आणि खुर्ची ठेवायला जागा नसते. पाऊस नीट लागला, पाहुणे परतले, की बसा. पहिले पंधरा दिवस वीसऐवजी दहाच मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकावून नारळ कुणी खवायचा आहे ते विचारून घ्या.