मध्यवर्ती ठिकाण

यवतमाळ जिल्ह्यात विद्यापीठाचे उपकेंद्र व्हावे, या मागणीचे निवेदन लिहायचे काम माझ्याकडे आले. मी उमरखेडचा मास्तर. अमरावतीच्या अंतरावर माझ्याइतकं कळवळून कोण लिहिणार? पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा आणि तिथलं विद्यापीठ. आमचं मात्र पुसद, दिग्रस, दारव्हा मागे टाकत पार अमरावतीला. मायग्रेशन काढायचं म्हटलं तरी पोरगं भाकरी बांधून निघतं.

निवेदन झकास उतरलं. 1923 पासूनचं नागपूर विद्यापीठ वऱ्हाडाला लांब पडे, म्हणूनच 1983 साली अमरावतीचं वेगळं निघालं, इथपासून सुरुवात केली. नांदेडने लातूरला उपकेंद्र दिलं, संभाजीनगरने धाराशिवला, असे दाखलेही जोडले. ‘वर बसलेल्यांना वाटतं, एसटी आहे ना, या की!’ हे वाक्य लिहिताना तर माझाच गळा दाटून आला.

यवतमाळच्या बैठकीत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, “जागा कोणती?”

यवतमाळकर म्हणाले, जिल्ह्याचं ठिकाण असताना हा प्रश्नच कसा निघतो? पुसदकरांनी वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री पुढे केले. (त्यांना स्वतंत्र जिल्हाही हवा आहे, त्यामुळे उपकेंद्र म्हणजे त्यांच्या लेखी नुसता विसार.) वणीकरांचं म्हणणं, आम्ही कोळसा देतो. मी उठलो आणि म्हणालो, “ज्याला सर्वात लांब पडतं, त्याच्या दारात द्या.” म्हणजे उमरखेड, हे मी विनयाने बोललो नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आमच्याच कॉलेजचा ढाणकीचा पोरगा उभा राहिला. “सर, मंग आपल्या कॉलेजचे दोन वर्ग आमच्या ढाणकीत काहून नाई काढत? पोरी बारावीनंतर घरीच बसतात.”

“अरे, ढाणकी काय लांब आहे?” मी ताडकन म्हणालो. “एसटी आहे ना, ये की!”

सभागृह आधी गप्प झालं, मग असं हसलं की अध्यक्षांना पाणी मागवावं लागलं. निवेदन अजून माझ्या हातातच होतं, तेच पान उघडं.

शेवटी जागेपुढे ‘मध्यवर्ती ठिकाण’ एवढंच लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. प्रत्येकाला ते आपलंच गाव वाटलं. ढाणकीच्या पोराची सही तेवढी राहिली. त्याची शेवटची एसटी चुकणार होती.