शब्दाला रुपया

धंदा सुरू करताना व्हिजिटिंग कार्डावर 'नारायण शेणवी यांच्या परंपरेतील' अशी ओळ छापायचा माझा हट्ट होता. बायको म्हणाली, "अहो, लोक विचारतील, शेणवी कुठले, सटाण्याचे का?" ओळ गेली. ताठा राहिला.

देवळ्यात पाच कंदिलाजवळ 'अनुवाद व दुभाषी सेवा' असा बोर्ड लावला की गिऱ्हाईक येतं, पण पॅनकार्डासाठी. एकाला लग्नपत्रिका इंग्रजीत हवी होती, कारण मुलाकडचे पुण्याचे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा अख्ख्या कसमाद्यातले, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातले, आजोबांचे मोडी कागद ट्रंकांतून बाहेर आले आणि त्यातले बरेचसे माझ्या टेबलावर. मला मोडी येत नाही म्हटल्यावर एक काका बोर्डाकडे बघत म्हणाले, "मग एवढा मोठा कशाला केला?"

नारायण शेणवी कोण, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घरचे या ठिकाणी उठून जातात. तुम्ही बसा.

साल १६७४, रायगड, राज्याभिषेक. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन नजराणा घेऊन दरबारात उभा, बरोबर दुभाष्या नारायण. त्या गर्दीत ऑक्झिंडनने लांबून मुजरा केला, आणि नारायणाने काय करावं? नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात उंच करून धरली. महाराजांचं लक्ष गेलं आणि दोघांना थेट सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावणं आलं. हे खुद्द ऑक्झिंडनने लिहून ठेवलंय. तोंडातून एक शब्द न काढता इतकं मोठं काम आमच्या धंद्यात पुन्हा कुणी केलेलं नाही. शब्दाला रुपया या माझ्या दराने त्याचं बिल मात्र शून्य झालं असतं.

त्याच मुक्कामातली दुसरी गोष्ट मला अधिक प्रिय आहे. इंग्रज आता निघणार असं कळल्यावर त्यांना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक एवढा गड चढून वर आला, नुसता आपल्या या थोर धन्यांना बघायला. कित्येक वर्षांत खपलं नव्हतं तेवढं मांस त्या मूठभर लोकांनी एका मुक्कामात संपवलं होतं. त्या काळच्या इंग्रज डॉक्टर फ्रायरच्या प्रवासवर्णनात हे आहे. दुभाष्याचं नाव तिथे नाही. पण म्हाताऱ्याचं बोलणं त्या इंग्रजांपर्यंत पोचवलं कुणी असेल? माझ्या मते नारायणानेच. सकाळी तहाची कलमं, दुपारी बोकडांचा हिशेब. या दुपारच्या कामाचे पैसे त्याने वेगळे लावले का, हा प्रश्न मला रात्री-अपरात्री छळतो.

माझं सिंहासन कृषी सेवा केंद्रात. कीटकनाशकाच्या खोक्यात घडी घातलेलं पत्रक असतं ना, ते माझं नेहमीचं काम. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ते प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं, त्यामुळे माझी चूल पेटते. पहिलं पत्रक छापून आलं तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून ते बघायला गेलो. अक्षर इतकं बारीक की स्वतःचीच मराठी मला ओळखू येईना. दुकानदार म्हणाला, "भाऊ, ते कोण वाचतंय? डोस मी खोक्यावर लिहून देतो ना, पेनाने."

तेवढ्यात पाठीवर पंप अडकवलेला एक मजूर आला. मालकाने पाठवलेला. मला डब्याशी झटापट करताना बघून त्याने विचारलं, "भाऊ, हाई काय लिखेल शे?" मी काही बोलायच्या आत त्यानेच डब्यावरच्या रंगावर बोट ठेवलं. "हिरवा शे ना? मंग चालस."

लाल, पिवळा, निळा, हिरवा या विषाच्या पायऱ्या आहेत. हिरवी सर्वांत खालची, पण तीही विषाचीच. तो काही सिग्नल नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यांच्या औषधांच्या खोक्यांतही पत्रकं असणारच. माझ्यासारख्याच कुणीतरी मराठीत केलेली, बिल लावलेली.

आजीकडून उरलेल्या अहिराणीत मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचं नाही, फवारताना तंबाखू खायची नाही. इथे तो बाहेर जाऊन थुंकून आला. तोंडाला मास्क बांधायचा, हे ऐकल्यावर त्याने विचारलं, "तो कोठे भेटस?" मी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानात लाखाचं विष होतं, मास्क एक नव्हता. "गिऱ्हाईक कशाला घाबरवता," दुकानदार म्हणाला. पत्रकाची अख्खी बाजू भाषांतर केलेला माणूस मी, पण त्या मजुराच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कुठल्याच भाषेत नव्हतं.

घरी येऊन कंपनीला लिहिलं, अक्षर मोठं करा. उत्तर आलं: कागद वाढणार नाही, तुम्हीच शब्द कमी करा. म्हणजे माझ्याच खिशाला कात्री, तीही माझ्याच हाताने. पहिल्या फेरीत 'कृपया' गेलं. दुसऱ्या फेरीत 'सदर', 'तत्पूर्वी' आणि 'यथायोग्य'. तिन्ही माझी फार लाडकी, आणि तीन रुपयांची. तंबाखूची ओळ मात्र खालून उचलून सगळ्यांत वर टाकली आहे, जाड ठशात. कंपनी म्हणते, विचार करून कळवतो. मागच्या बिलाबद्दलही तेच म्हणते.