दोष भात्याचा

फोल्डिंग कॅमेरेवाल्याचं फोटोंवर प्रेम असतं हा गैरसमज आहे. त्याचं प्रेम सबबींवर असतं. मोबाइलवर फोटो बिघडला की तो आपणच बिघडवलेला असतो. ते यंत्र इतकं शहाणं की दोष ढकलायला जागाच ठेवत नाही. १९५०च्या दशकातला आग्फा आयसोलेट याबाबतीत फार उदार. त्याच्या भात्याला घड्यांच्या कोपऱ्यांवर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि उजेड आत झिरपतो. भिंगाच्या आट्यांतलं वंगण डिंकासारखं घट्ट बसतं, मग फोकसची कडी हलत नाही. अंतर बहुधा नजरेनंच ठरवायचं, दहा फूट की बारा. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रीळ सरकवायचं. जुन्या फिल्मला लाल उजेड जाणवत नसे म्हणून खिडकी लाल. आताच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला तो जाणवतो, म्हणजे उन्हात तीही संशयित. एका फोटोमागे इतके आरोपी उभे असल्यावर फोटो काढणारा निर्दोष सुटणारच. शिवाय डी-७६ डेव्हलपर २० अंशांवर हवा. मे महिन्यात नागपुरात नळाच्या पाण्याला त्यासाठी बर्फ लागतो, आणि बर्फ वितळला की आणखी एक सबब तयार!

कोणी म्हणेल, हा अन्याय आहे; मोठ्या निगेटिव्हमधला बारकावा पाहा. खरं आहे. सहा बाय सहाची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीनपट भरते. पण हे भेटेल त्याला सांगून झाल्यावर तो तीच निगेटिव्ह स्कॅन करतो आणि व्हॉट्सॲपवर तळहाताएवढी करून पाठवतो. दुसरा आक्षेप शिस्तीचा: रिळात १२च फोटो, म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो. करतो, कबूल, पण विचार उजेडाचा, अंतराचा, छिद्राचा. तोवर समोरच्या आजींचं हसू मावळलेलं असतं. (जुन्या अल्बमांतल्या गंभीर चेहऱ्यांत संस्कार किती आणि ताटकळणं किती, हे एकदा तपासायला हवं.)

एकाच चुकीची जबाबदारी तो आनंदानं घेतो. रीळ न सरकवता पुन्हा बटण दाबलं तरी अनेक जुने कॅमेरे अडवत नाहीत. मग मुंजीच्या फोटोत बटूच्या डोक्यातून मामांची मोटरसायकल निघते. अशा वेळी भात्याचं नाव निघत नाही, वंगणाचंही नाही. तो फोटो मोठा करून, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लागतो, आणि पाहुण्यांना सांगितलं जातं, ‘‘हा मुद्दाम घेतलाय.’’