पक्षकार विरोधी, बिल सरकारी

होनोलुलूच्या हेन्री केर्स्टिंग यांचा धंदा पैसा कमावून देण्याचा नव्हता, फिरवून देण्याचा होता. गिऱ्हाइकानं त्यांच्या एका कंपनीकडून कर्ज घ्यायचं, त्यातून त्यांच्याच दुसऱ्या कंपनीचे शेअर घ्यायचे आणि त्या कर्जाचं व्याज भरायला पुन्हा त्यांच्याकडूनच कर्ज काढायचं. मुद्दल कुणी फेडायचं नाही, हे न बोलता ठरलेलं. व्याजाची वजावट मात्र विवरणपत्रात ठणठणीत! बरेच वैमानिक या विमानात प्रवासी म्हणून बसले.

अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यानं, म्हणजे आयआरएसनं, वजावटी नाकारल्या आणि करन्यायालयात 1300 च्या आसपास खटले साचले. मग काही नमुना खटले निवडले गेले. बाकीच्या बहुतेकांनी त्यांच्या निकालाला मान तुकवायचं कबूल केलं. ज्यांना तडजोड हवी, त्यांच्यासाठी दर जाहीर होता: करात 7 टक्के सूट.

1989 मध्ये सुनावणी झाली. न्यायाधीशांना ठाऊक नव्हतं की नमुन्यातल्या दोघांशी सरकारी वकिलांनी आधीच गुपचूप समझोता केलाय. एकाकडची कराची मागणी सुमारे 79 हजार डॉलरवरून 30 हजारांवर आली होती. ही माया कशासाठी? त्याच्या वकिलाची फी त्यातून निघावी म्हणून. खटला लढवला जातोय असं दिसायचं, तर समोर वकील नको? सरकार विरोधी वकिलाचं बिल भागवत होतं, तेही कराच्या आकड्याआडून. केर्स्टिंग यांच्याकडे शिकवणी लावूनही याहून गोल व्यवहार साधला नसता.

1991 मध्ये आयआरएस जिंकली. पुढच्याच वर्षी बिंग फुटलं. करन्यायालयानं 1999 मध्ये गैरप्रकार मान्य केला, पण त्यानं निकाल बदलला नसता, असं ठरवलं. 2003 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं हे साफ फेटाळलं: ही न्यायालयाचीच फसवणूक आहे, सगळ्यांना तोच समझोता द्या. गुपचूप समझोता करणाऱ्या दोन सरकारी वकिलांना खात्यानं केलेली शिक्षा? दोन आठवडे बिनपगारी निलंबन. (पुढे करन्यायालयात वकिली करण्यावरही त्यांना बंदी आली.)

मग नवं भांडण: ‘तोच समझोता’ म्हणजे नेमका केवढा? आयआरएस म्हणाली, खरी सूट 20 टक्केच. वरचं सगळं वकिलाच्या फीपोटी होतं. कागदावरचं रूप सोडा, आतलं सार बघा, असं आता सरकारच सांगत होतं! करन्यायालयानं 2006 मध्ये सूट 60 टक्क्यांच्याही वर नेली. करदात्यांनी आपल्या वकिलांचा खर्चही सरकारकडे मागितला. या वेळी मात्र रीतसर अर्ज करून.