इनकमिंगवाले काका

निगडी-प्राधिकरणात कंपनीतून निवृत्त झालेला माणूस भेटला की त्याच्या घरी कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये व्हर्नियर असणार, हे धरून चालावं. १९६०च्या दशकात टेल्को पिंपरीत आणि बजाज ऑटो आकुर्डीत आली, त्यांना माल पुरवायला भोसरीच्या एमआयडीसीत गाळ्याला गाळा लागला, आणि या सगळ्या देवघेवीतून एक खास माणूस घडला: इनकमिंग इन्स्पेक्शनवाला. व्हेंडरचा टेम्पो गेटवर आला की चार नग उचलायचे, गेज लावायचं आणि ‘रिजेक्ट’ म्हणायचं, यात त्याचं आयुष्य गेलेलं असतं. निवृत्तीनंतर टेम्पो यायचे थांबतात. रिजेक्ट म्हणायची ऊर्मी थांबत नाही. मग ती भेंडीवर, सोसायटीच्या रंगकामावर आणि पुतण्याला सांगून आलेल्या स्थळांवर निघते.

आमचे काका या जातीचे मुकुटमणी. पाव किलो भेंडी घेताना सहा भेंड्यांची टोकं मोडून बघतात. दोन वातड निघाल्या की उरलेल्या पाटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. “लॉटच खराब आहे,” म्हणून पुढच्या गाड्यावर. भाव मात्र कधी विचारत नाहीत. कंपनीत इन्स्पेक्शनवाल्याच्या हातात ड्रॉइंग असतं, दर नसतो. दर परचेसवाल्याला ठाऊक, पण त्याने गेज कधी हातात धरलेलं नसतं. दोघं एकाच कँटीनमध्ये जेवतात आणि एकमेकांना कंपनीच्या मुळावर आलेले समजतात. काकांच्या घरी परचेस डिपार्टमेंट म्हणजे काकू.

तर या घरात गरम पाण्याचा टब घ्यायचं ठरलं. चिरंजीव चाकणला नोकरीला, एक वर्ष जर्मनीत राहून आलेले. मोशीच्या पुढचा चाकणचा रस्ता सकाळच्या शिफ्टच्या वेळेला ज्याने पाहिला आहे, त्याला चिरंजीवांची पाठ का दुखते हे सांगायला नको. जर्मनीत म्हणे संध्याकाळी टबात बसलं की पाठ मोकळी व्हायची.

टब गच्चीवर ठेवायचा बेत काकांनी पहिल्याच बैठकीत फेटाळला. बाराशे लिटर पाणी म्हणजे बाराशे किलो. दोन मीटर बाय दोन मीटरच्या टबाखाली चौरस मीटरला तीनशे किलो, वर माणसं वेगळी. राहत्या खोलीच्या स्लॅबलासुद्धा हिशेबात दोनशेच्या आसपास धरतात. तेव्हा टब मागच्या अंगणात, जमिनीवर. काकूंचा प्रश्न निराळा होता. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी, आणि हे लोक बाराशे लिटरमध्ये बसून गप्पा मारणार? ते पाणी गाळून, क्लोरीन घालून तीनेक महिने तेच वापरतात, हे कळल्यावर त्या जरा निवळल्या. “म्हणजे टाकीच की,” त्या म्हणाल्या, आणि लगेच लिटरला किती रुपये पडतात याचा हिशेब सुरू झाला.

वाकडच्या टबांच्या शोरूममध्ये मीही गेलो होतो. असली करमणूक कोण सोडतो?

सेल्समन म्हणाला, “इम्पोर्टेड आहे सर.” काकांनी उत्तर न देता खिशातून लोहचुंबक काढून पाण्याच्या जेटच्या स्टीलच्या कडेला लावला. चिकटला नाही. सेल्समनचा चेहरा फुलला. “चुंबक हलक्या २०२ ग्रेडच्या स्टीलला पण चिकटत नाही,” काका म्हणाले आणि दुसऱ्या खिशातून एक छोटी बाटली आणि चौकोनी बॅटरी निघाली. कडेवर एक थेंब टाकून बॅटरी टेकवली. थेंब लाल झाला. “मँगनीज. ३०४ नाही हे. क्लोरीनच्या पाण्यात वर्षभरात तांबेरा येईल.” मग त्यांनी मोबाईलचा टॉर्च टबाच्या पृष्ठभागाला अगदी आडवा धरला आणि ॲक्रिलिकवरच्या लाटा मोजल्या. ॲक्रिलिकचा पत्रा तापवून साच्यात ओढतात तेव्हा कोपऱ्यात तो पातळ होतो, टब तडकतो तो तिथेच. कोपऱ्याची जाडी हवी म्हणून त्यांनी जवळचा जेट फिरवून काढला आणि भोकात व्हर्नियर घातला. सेल्समनला घाम फुटला.

सव्वासहा लाखांचा तो टब एव्हाना निम्मा रिजेक्ट झाला होता. पुरता रिजेक्ट केला काकूंनी. त्या मागच्या बाजूला वाकून बघत होत्या.

“हा मागचा पत्रा निघतो का हो? आत पाल गेली तर?”

पत्रा निघत नव्हता. पंप, हीटर, सगळे जोड त्याच्याच मागे. पंप बिघडला की टब पालथा करायचा. काका दोन मिनिटं गप्प उभे राहिले. पंपावरची पाटी वाचून अँपिअरवरून खरे हॉर्सपॉवर काढायचा त्यांचा बेत होता, पण पाटीपर्यंत पोचायचं कसं हे त्यांना सुचलंच नव्हतं. मला विचाराल तर त्या दुकानातली सगळ्यात मोठी तपासणी ती पाल होती.

अशा वेळी या भागातला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो. काकाही बोलले: “भोसरीत बनवून घेऊ.” बसचे बंपर घडवणारा फायबरचा एक जुना व्हेंडर होता, ज्याचे टेम्पोच्या टेम्पो काकांनी गेटवरून परत पाठवले होते. त्याने प्रेमाने चहा पाजला, मोजमापं घेतली आणि आकडा सांगितला. शोरूमच्या वर.

“एका टबाचे एवढे?”

“टबाचे नाहीत साहेब, मोल्डचे. पन्नास नग घ्या, निम्म्यात देतो. एकच घेतला तर अख्खा मोल्ड एका नगावर पडतो.”

टूलिंग कॉस्ट हा शब्द काकांनी मीटिंगमध्ये हजारदा ऐकला असेल. तो स्वतःच्या खिशातून भरायचा असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. व्हेंडरने बिस्किटं पुढे केली. जुना हिशेब चुकता झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

शेवटी काकू एकट्या त्याच शोरूममध्ये गेल्या. तिथे मांडून ठेवलेला दुसरा टब होता. कडा खऱ्या ३०४च्या, चारी बाजूंचे पत्रे स्क्रूने निघणारे, वर दोन वर्षं घरी येऊन दुरुस्ती. फक्त बसायच्या जागेवर वीतभर ओरखडा. तीन लाख नव्वदचा तो टब त्यांनी पावणेतीनला तोडला. एकदा पाणी तापवायला अठरा-एक युनिट लागतील आणि झाकण नसेल तर रोजच लागतील, म्हणून झाकण फुकट उकळलं.

प्रश्न ओरखड्याचा होता. लाइन बंद पडायची वेळ आली की प्रॉडक्शनवाले सदोष माल ‘अंडर डेव्हिएशन’ घ्यायला लावतात. तशी सही आपण आयुष्यात केली नाही, असं काका लग्नसमारंभातही सांगतात. टेम्पो दारात आला. काकांनी भिंग लावून ओरखडा तपासला, त्याची लांबी घेतली, खोली नखाने चाचपली. ड्रायव्हरने चलान पुढे केलं.

बराच वेळ पेन हवेत राहिलं. मग त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: “अंडर डेव्हिएशन स्वीकारला. फक्त एक नग. पुढील लॉटला ही सवलत लागू नाही.”

“झाली का सही?” काकू आतून ओरडल्या. “झाली असेल तर पाईप लावा आधी, आज पाण्याचा दिवस आहे.”