जावईबापूंचा १९८० सालचा जानेवारी

एडिसन, न्यू जर्सी
१९ जानेवारी २००३

ती. आई-बाबांस,


आम्ही इकडे खुशाल. तुमचे जावई मात्र आठवडाभर घुश्शात होते. इंटरनेटवर यूझनेट म्हणून चर्चेचे गट असतात, त्यात ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ नावाचा गट आहे. जगभरची मराठी माणसं तिथे रोमन लिपीत मराठीतून भांडतात. तिथे कुणीतरी लिहिलं, पुरणपोळीवर तुपाऐवजी बटर चालतं. यांनी झणझणीत उत्तर धाडलं. ते उमटेचना. पुन्हा धाडलं, तरी नाही. इतरांचे निरोप मात्र धो धो येत होते!

मग आमच्या विंडोज ९८च्या म्हाताऱ्यावर उपचार सुरू झाले. हे गट वाचायचा प्रोग्रॅम, न्यूजरीडर, काढला, परत टाकला. पोर्ट ११९ आहे ना, हे सतरांदा तपासलं. मोडेमला शिव्या घातल्या. इंटरनेटवाल्यांच्या माणसाला फोनवर पुरणपोळीसकट सगळी हकीकत ऐकवली. सर्व्हर बिचारा दर वेळी ४४१ असा आकडा दाखवून सांगत होता की मजकूर घेतलेला नाही, जुना आहे. “जुना कसा? आत्ता लिहिलाय!” हे पडद्यावर ओरडायचे.

शेवटी चिरंजीव दूध पिता पिता म्हणाले, “बाबा, आज १ जानेवारी १९८० आहे?” खाली उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर माउस नेला, तर खरंच तसं! निरोपावर तारीख पडते ती आपल्याच मशीनची. तेवीस वर्षांपूर्वीचा मजकूर सर्व्हर कशाला घेईल? पाठवलेल्या निरोपांच्या यादीत यांची उत्तरं पार तळाशी जाऊन बसली होती.

दोष होता मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. मशीनला वीज नसताना तोच घड्याळ चालवतो. तो संपला होता. त्यात वीज वाचवायला हे रोज रात्री एक्स्टेंशन बोर्डाचंच बटण बंद करतात, त्यामुळे विजेचा उरलासुरला आधारही जायचा. आणि आई, रोज सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट यायचं की तारीख-वेळ लावलेली नाही, पुढे जायला एफ१ दाबा. हे भक्तिभावाने एफ१ दाबायचे. इन्कम टॅक्सच्या फॉर्मातली बारीक टीप वाचणारा माणूस!

चूक कबूल करतील तर ते जावई कसले? “१९८० म्हणजे यूझनेट सुरू झालं ते साल! ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना कल्पना सुचली १९७९ मध्ये...” असं व्याख्यान झालं. चिरंजीवांनी शांतपणे सांगितलं की आयबीएमचा पीसी आला ऑगस्ट १९८१ मध्ये, तेव्हा या तारखेला आपला डबा असूच शकत नाही. वर, यूझनेटवरचं हे सगळं आता गूगलवर ब्राउझरमधूनच वाचता येतं, हेही ऐकवलं. त्यावर घरात अबोला.

कोपऱ्यावरच्या दुकानातून सीआर२०३२ सेल आणला, झाकण काढून बसवला, तारीख लावली. उत्तर गेलं एकदाचं! तोवर मंडळी श्रीखंडात चारोळी घालावी की नाही, यावर पोचली होती. तुपाला कुणी विचारलं नाही.

बाबा, रविवारी फोन कराल तेव्हा कृपा करून यांना “काँप्युटर कसा आहे?” असं विचारू नका. फोनकार्डाची सगळी मिनिटं त्यातच जातील आणि आईशी बोलणं राहील.

तुमची लेक