चारच तारा

एकट्याने काही शिकायला घेतलं की ते सोडून द्यायलाही कोणाला विचारावं लागत नाही. माझं जर्मन, पहाटेचा प्राणायाम आणि ज्ञानेश्वरीचं रोज एक पान, या तिन्ही उपक्रमांना मी अशीच गुपचूप मूठमाती दिली होती. उकुलेलेचीही तीच गत व्हायची. पण पहिल्या मजल्यावरच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने त्याचं चॅलेंज केलं. चॅलेंजमध्ये वाईट एवढंच, की आपल्या आळसाला साक्षीदार मिळतात.

वाद्य मुळात माझं नव्हतं. भाचा कॅनडाला निघाला, विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं आणि लोणच्याची बरणी की उकुलेले असा प्रश्न उभा राहिला. लोणचं कॅनडाला गेलं, उकुलेले माझ्याबरोबर घाटकोपरला परत आलं. “वाजवत राहा मामा, सोपं आहे. चारच तारा!” भाचा आत जाता जाता ओरडला.

हे मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते म्हणाले, “तंबोऱ्यालाही चारच असतात. त्यांवर बोटंसुद्धा दाबायची नसतात, नुसत्या छेडायच्या. तरी लोकांचं आयुष्य त्या जुळवण्यात जातं.”

लॉकडाऊनमध्ये आमच्या इमारतीत आलेली उकुलेले एव्हाना कपाटांवर चढली होती. मुलीने ती खाली उतरवली. तिचं स्वतःचं, काकांच्या नातवाचं, चौथ्या मजल्यावरच्या बेनच्या मुलाचं आणि माझ्या भाच्याचं. नियम ठरले. सोमवारी एक नवं तंत्र ग्रुपवर येणार. रविवारी रात्री दहाच्या आत प्रत्येकाने एक मिनिटाचा व्हिडिओ टाकायचा. एका दमात, काटछाट न करता, आणि मागे दुसरा कुठलाही आवाज नको. जो चुकेल त्याने बाकीच्यांना खाऊगल्लीत जिनी डोसा खिलवायचा. हा शेवटचा नियम वाचून बेननी लगेच अंगठा वर केला. माझं वाजवणं त्यांनी डक्टमधून आधीच ऐकलेलं होतं.

कुठलीही गोष्ट मुळापासून जाणून घेतल्याशिवाय काका तिला हात लावत नाहीत, म्हणून पहिला आठवडा इतिहासात गेला. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज हवाई बेटांवर होनोलुलूला लागलं. त्यात मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी निघालेली पोर्तुगीज कुटुंबं होती आणि त्यांच्यात मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकामातले कारागीर. मदैरात वाजणाऱ्या छोट्या गिटारीवरून त्यांनी हे वाद्य बेतलं, राजा कालाकाउआने त्याला दरबारात जागा दिली आणि ते हवाईचंच होऊन गेलं. काकांनी हे सगळं वाचून चष्मा काढला. “पोर्तुगीज आपल्या साष्टीतही होते. १५३४ ला आले, १७३७ ला मराठ्यांनी हाकलले. दोनशे वर्षांत त्यांनी हे वाद्य काही इथे आणलं नाही. चिमाजी आप्पांनी केवढं संकट टाळलं, याची नोंद मात्र एकाही बखरीत नाही.” हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते.

मग वादन सुरू झालं. ‘सी’ कॉर्डला एक बोट, ‘ए मायनर’ला एक, ‘एफ’ला दोन, ‘जी’ला तीन. इथपर्यंत माणूस स्वतःला कलावंत समजू लागतो. नंतर ‘ई’ येतो. त्यात तीन तारा चौथ्या पडद्यात दाबायच्या आणि एक दुसऱ्यात. माझं वाद्य सोप्रानो, म्हणजे या खानदानातल्या नेहमीच्या मापांत सगळ्यात धाकटं, डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम २१ इंचांचं. त्याच्या चौथ्या पडद्यात तिसरं बोट घालणं म्हणजे सकाळी नऊच्या फास्ट लोकलला घाटकोपरहून चढणं. आतले सरकत नाहीत आणि बाहेरचा हट्ट सोडत नाही.

त्यात तारा नायलॉनच्या. नव्या घातल्या की कित्येक दिवस ताणत राहतात आणि सूर उतरत राहतो. सूर जुळवण्यासाठी मी फोनवर ट्यूनर घेतला. तो माइकवर ऐकतो, म्हणजे घरातलं सगळंच ऐकतो. आमचा मिक्सर चटणी वाटताना सुराच्या अगदी जवळ असतो, हे ज्ञान मला त्याच्यामुळे मिळालं. माझी तार कधीच नसायची.

पुढचं तंत्र होतं ‘चंक’. हात खाली येताना तारा छेडायच्या आणि त्याच झटक्यात तळहाताच्या कडेने त्या दाबून टाकायच्या, म्हणजे सुराऐवजी ‘छक’ असा ठेका पडतो. माझा तळहात सूर निघायच्या आधीच पोचायचा आणि नुसतं लाकूड वाजायचं. स्वयंपाकघरातून हाक यायची, “अहो, दार वाजतंय, बघा जरा.” मी वाद्य ठेवून दार उघडायचो. एखाद वेळी खरंच कुरियरवाला असायचा, त्यामुळे बायकोला खोटं पाडण्याचीही सोय नव्हती.

ट्रिपलेटच्या आठवड्यात बेननी बाजी मारली. एका ठोक्यात तीन आघात बसवायला आम्ही धडपडत असताना त्यांनी पहिल्याच दिवशी व्हिडिओ टाकला. “आमां शुं छे? आ तो गरबो ज छे!” गरब्याची हींच सहा मात्रांची, ती त्यांच्या हातात जन्मापासून. काका काहीही वाजवायला घेतलं तरी भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत नेऊन सोडायचे, पण निदान पोचायचे तरी. मी सहा आणि आठ यांच्या मधल्या, अजून कुणी नाव न ठेवलेल्या तालात असायचो. काका एकदा ऐकून म्हणाले, “आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. पेटीत मींड निघत नाही म्हणून. आता वाटतं, त्यांचं वाद्य चुकलं.”

त्यानंतर आला ‘रोल’. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी अशी एकामागून एक उलगडत तारांवरून न्यायची आणि त्यातून एक सलग झंकार निघतो. माझी चारही बोटं एकदमच बाहेर पडत. पहिला रोल मारला आणि खिडकीच्या ग्रिलवरची कबुतरं उडाली. सोसायटीने जाळ्या बसवून आणि सीडी टांगून जे साधलं नव्हतं ते साधलं, पण चॅलेंज कबुतरांचं नव्हतं.

अशा वेळी घाटकोपरच्या माणसाला चिरागनगर आठवतं आणि आणखी शरम वाटते. तिथल्या झोपडपट्टीत राहून अण्णा भाऊ साठे लिहीत होते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. शाहिराच्या साथीला तुणतुणं असतं, त्याला तार एकच, आणि तेवढ्यावर माणसांनी भरलेलं मैदान डोलायचं. माझ्या हातात चार तारा होत्या आणि मी हॉल रिकामा करत होतो.

रोल कच्चा असला तरी बसेल असं मला वाटत होतं. माझी खरी अडचण होती वर. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपरच्या डोक्यावरूनच जातात, तीही चाकं काढून, इतकी खाली की कंपनीचं नाव चष्म्याशिवाय वाचावं. एक गेलं की दोन-अडीच मिनिटांत दुसरं. मधल्या शांततेत एक मिनिट वाजवायचं, म्हणजे फोन स्टँडला लावून, तार जुळवून, चेहऱ्यावरची भीती पुसून वीस-पंचवीस सेकंदांत सुरुवात करायची. मी विमानं दाखवणारं ॲप घेतलं. उकुलेलेपेक्षा मला तेच लवकर जमलं. आवाजावरून नव्हे, पण वेळेवरून जयपूरचं कोणतं आणि कोचीचं कोणतं हे मी सांगू लागलो. रात्री विमानांची ये-जा सुरूच, त्यात नवरात्र तोंडावर आलेलं, मैदानांवर ध्वनिक्षेपकांची चाचणी चालू. माझे व्हिडिओ बाद होत गेले आणि खाऊगल्लीतला डोसेवाला मला ओळखू लागला. बेनच्या आवडीचा जादा चीजचा डोसा मी न सांगता तव्यावर पडायचा. दंडाच्या पैशांत एव्हाना टेनॉर उकुलेले आलं असतं.

याच सुमारास पंखा कुरकुरतो म्हणून मागच्या चाळीतला इलेक्ट्रिशियन आला. हा मुलगा गणपतीत बेंजो पार्टीत वाजवतो. त्याचा बेंजोही परदेशीच, १९१२ साली जपानात नागोयाला घडलेल्या ताइशोगोतोचा वंशज. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. लाउडस्पीकरला जोडला की अख्खी मिरवणूक नाचते. पंखा दुरुस्त करून त्याने उकुलेले उचललं, तारांवर कान लावला आणि कॉर्डचं एकही नाव न घेता दोन मिनिटांत मिरवणुकीतली एक धून काढली. मी रोल मारून दाखवला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, तुम्ही बोट चुकलं की थांबता. तसं नाय करायचं. चुकलं तर चुकलं, उजवा हात चालू ठेवायचा. बेंजोवाला चुकला म्हणून मिरवणूक थांबते का?”

हा उपदेश मला पटला. पुढे जे झालं त्याचं मूळ त्यातच होतं.

१७ ऑक्टोबर २०२३. नवरात्रातला मंगळवार. पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीसाठी विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद राहणार, अशी बातमी पेपरात आली होती. सहा तास आकाश रिकामं! गरबा तर रात्रीचा. मी ऑफिसला सकाळच्या मीटिंगमधून सुट्टी मागितली आणि ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. बाकीच्यांनीही काढलं नव्हतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. आदल्या संध्याकाळी लिफ्टमध्ये बेननी उगाचच सांगितलं होतं की उद्या सकाळी त्या देरासरला असतील. काका म्हणाले होते की त्यांना बँकेत काम आहे. मी म्हणालो, मलाही.

अकरा वाजले. शेवटचं विमान गेलं आणि शांतता पसरली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकली. पंखा बंद केला. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम पुसला, फोनवर लाल टिपका दाबला आणि हात उचलला.

खालून ‘सी’ वाजला. वरून हींच सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरून भजनी ठेक्यात ‘जी’ आला. डक्टने हे सगळं गोळा करून चारही घरांत सारखं वाटलं. सगळे एकदम थांबले. भल्या माणसांसारखं प्रत्येकाने दुसऱ्याला वाट दिली, प्रत्येकाला आपल्याला वाट मिळाली असं वाटलं, आणि सगळे पुन्हा एकदम सुरू झाले. डक्टमधून काकांचा आवाज आला, “बेन, तुम्ही देरासरात ना?” वरून उत्तर आलं, “तुम्ही बँकेत ना?” खालून मुलगी ओरडली, “आजोबा, माझ्या व्हिडिओत तुमचा आवाज येतोय! सगळे थांबा, एकेक करून करू.”

सगळे थांबले. मी थांबलो नाही. मिरवणूक थांबते का? बोट चुकलं, हात चालू. ‘ई’ बसला नाही, हात चालू. रोल आला, चारही बोटं एकदम पडली, हात चालूच. मिनिट संपून गेलं तरी माझ्यातला बेंजोवाला विसर्जनापर्यंत जायच्या तयारीत होता. तेवढ्यात खरंच दार वाजलं. आतून बायको म्हणाली, “तुमचं चंक चालू दे, ते दार नाहीये.” ते दार होतं. दारात सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांच्या मागे जिन्यावर ए आणि बी विंगचे सभासद.

“हे रोज चालतं?” सेक्रेटरींनी विचारलं.

“हो. नवरात्राच्या बऱ्याच आधीपासून.”

“मग आम्हाला आजच कसं ऐकू आलं?”

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या दोघांच्याही मनात एकाच वेळी आलं आणि दोघांनीही वर बघितलं. इतके आठवडे मी विमानांना शिव्या घालत होतो. ती माझं वाजवणं बिघडवत नव्हती, झाकत होती. दर दोन-अडीच मिनिटांनी येऊन माझी आणि शेजाऱ्यांची नाती ती सांभाळत होती. त्या दिवशी पांघरूण निघालं आणि खाली जे होतं ते तीन विंगना दिसलं. बाकीच्या तिघांच्या घरांतून चिटपाखरू बोलत नव्हतं. तक्रारवहीत नाव एकट्या तिसऱ्या मजल्याचं गेलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. सभासदांच्या सांगीतिक उपक्रमांना सोसायटीची हरकत नाही, मात्र वाद्यवादन विमानांच्या वेळेतच करावे, धावपट्टी बंद असेल त्या दिवशी कटाक्षाने टाळावे. काकांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “आकाशवाणीपेक्षा हे लोक बरे.”

मुलीनेही नियम बदलला: मागे विमान चालेल. त्या रविवारी माझा रोल पहिल्यांदा पास झाला आणि डोसा मी लोकांच्या पैशांनी खाल्ला. “काका, रोल एकदम स्वच्छ!” असा तिचा शेरा होता. रोलच्या नेमक्या जागी जयपूरचं विमान डोक्यावर होतं. ते कितव्या सेकंदाला येणार हे मी ॲपवर बघून ठेवलं होतं आणि तेवढा एक ताल मी अचूक पकडला होता.